पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण ओटीवर नाही: कोकणातल्या घरासाठी काय करायचं

प्रश्न असा आहे. आईवडील गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत दोघंच राहतात, मुलगा ठाण्यात. तो त्यांच्यासाठी बीपीचं मशीन, मिक्सर, औषधं असं लागेल ते ऑनलाइन मागवतो. दोनदा ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ आलं आणि घरी काहीच पोहोचलं नाही. घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली, रस्त्यावरून दिसत नाही. आता कॅमेरा लावावा की कुलपाची पेटी बसवावी, असं त्याने विचारलंय.

पेटी हवीच, कॅमेरा जमलं तर. पण या दोन्हींच्या आधी पार्सल कोणाच्या हातात जाणार हे पक्कं ठरवा. शहरातल्या सोसायटीत दारासमोरून पार्सल उचलणारा चोर असतो. आपल्याकडे वाडीत अनोळखी माणूस आला तर चार घरांना कळतं, त्यामुळे तसली चोरी कमी. इथे बहुतेक पार्सलं गहाळ होतात ती हातातून हातात जाताना. डिलिव्हरीवाला पाखाडी उतरत नाही, वरच्या घरात ठेवतो आणि निघून जातो. वरच्या घरातली म्हातारी ते माळ्यावर ठेवते आणि विसरते. किंवा वाडीत एकाच आडनावाची सात घरं, त्यात दोन सुरेश, आणि पार्सल दुसऱ्या सुरेशकडे जातं. चोर शोधण्याआधी ही घरं पालथी घाला.

‘डिलिव्हर्ड’ याचा अर्थ नीट समजून घ्या. त्याचा अर्थ इतकाच की कोणीतरी मोबाइलवर ते बटण दाबलं. आपल्या भागात वाडीत रेंज नसते, म्हणून डिलिव्हरीचा मुलगा बटण दाबतो ते रेंज असलेल्या नाक्यावर, कधी पार्सल देऊन परत आल्यावर तर कधी द्यायच्या आधीच. म्हणून कंपनीच्या नोंदीतली वेळ आणि नकाशावरचा ठिपका तुमच्या घराचा नसतो, नाक्याचा असतो. तेवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका. उलट प्रकारही होतो. दिवसाचा आकडा पुरा करायला संध्याकाळी उरलेली पार्सलं गठ्ठ्याने ‘डिलिव्हर्ड’ करून टाकायची आणि माल दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवायचा. हे चूक आहे, पण होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माल येण्याची शक्यता धरा. तक्रार मात्र त्याच दिवशी नोंदवून ठेवा, कारण बऱ्याच विक्रेत्यांच्या तक्रारीच्या मुदती फार आखूड असतात.

तक्रार कुठे करायची यात लोक घोटाळा करतात. कुरिअरच्या ऑफिसला फोन करत बसतात आणि दोन दिवस घालवतात. तुम्ही पैसे दिलेत ते विक्रेत्याला किंवा ॲपला. कुरिअरचं गिऱ्हाईक तो विक्रेता, तुम्ही नाही. म्हणून पहिली लेखी तक्रार ॲपवर किंवा विक्रेत्याच्या ईमेलवर. कुरिअरच्या स्थानिक हबला, म्हणजे जिथून पार्सलं वाटली जातात त्या ठिकाणी, फोन करायचा तो फक्त पार्सल शोधायला. तक्रारीत सरळ चार ओळी लिहा: ऑर्डर क्रमांक, पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, नोंदीवर दिसणारी तारीख आणि वेळ, आणि ‘हे पार्सल मला किंवा माझ्या घरातल्या कोणालाही मिळालेलं नाही. पोहोचवल्याचा पुरावा, म्हणजे फोटो, सही किंवा ओटीपीची नोंद, घेणाऱ्याचं नाव आणि नातं, पाठवा’. हा पुरावा मागणं महत्त्वाचं. फोटोत बहुतेकदा दार, पायरी किंवा फरशी दिसते, आणि वाडीतला माणूस ती फरशी कोणाच्या घरची हे एका नजरेत सांगतो. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. ‘घेणाऱ्याचं नाव’ या रकान्यात नुसतं ‘सेल्फ’ किंवा ‘नेबर’ असेल आणि फोटो नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. पोच आली नाही किंवा ‘आमच्या नोंदीप्रमाणे डिलिव्हर्ड आहे’ एवढंच छापील उत्तर आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, म्हणजे मागवणारा ठाण्यात राहत असेल तर ठाण्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. हजार-बाराशेच्या वस्तूसाठी कोणी आयोगापर्यंत जात नाही हे मलाही कळतं, पण १९१५ ला केलेली नोंद फुकट असते आणि तिच्याने बरंच काम होतं. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराची तक्रारही करता येते.

पोलिसांत कधी जायचं? वस्तू घरी पोहोचली, फोटोही तुमच्याच ओटीचा आहे, आणि तिथून ती गेली, तर ती चोरी. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये येते, राहत्या घरातली चोरी ३०५ मध्ये. वाहतूक करणाऱ्यानेच सोपवलेला माल हडप केला तर कलम ३१६. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइल गेला असेल तर बिलावर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा क्रमांक, छापलेला आहे का ते बघा. पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरून तो हँडसेट बंद करता येतो. नाव घेऊन मात्र कोणावर संशय लिहून देऊ नका. रोज त्याच वाटेने येणारा डिलिव्हरीचा मुलगा शेजारच्या गावचा असतो. खोटा आळ आला तर त्याचं काम जातं, आणि तुमच्या वाडीत पार्सल आणायला दुसरा कोणी तयार होत नाही.

हे झालं गेलेल्या पार्सलाचं. पुढचं जाऊ नये म्हणून पहिलं काम पत्त्याचं.

पार्सल कोणत्या हबला जाणार हे गावाच्या नावावर ठरत नाही, पिनकोडवर ठरतं. तालुक्याचा पिन सगळ्यांना पाठ असतो, गुहागरचा ४१५७०३, म्हणून लोक तोच ठोकून देतात. पण गाव दुसऱ्या पोस्टाखाली असेल तर पार्सल भलत्याच मुलाच्या पिशवीत पडतं आणि तो ‘पत्ता सापडला नाही’ मारून परत पाठवतो. आधार किंवा पासबुकावरचा पिन बघा, शंका असेल तर गावच्या पोस्टमास्तरांना विचारा. खाडीकाठच्या गावांना तर हे जास्तच लागू. धोपावे आणि दाभोळ नकाशावर समोरासमोर, मध्ये वाशिष्ठीची खाडी आणि जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. पण एक गुहागर तालुक्यात, दुसरं दापोलीत. जयगड आणि तवसाळ यांचंही तसंच. पिन चुकला की पार्सल खाडीच्या पलीकडे जाऊन बसतं.

दुसरी गोष्ट, लांबलचक पत्त्याची शेपूट लेबलवर कापली जाते. आपण ‘मु. पो., ता., जि.’ आधी लिहितो आणि कामाची खूण शेवटी. तीच नेमकी उडते. ॲपमध्ये तालुका-जिल्ह्याचे रकाने वेगळे असतात, म्हणून पहिल्या ओळीत खूण लिहा: ‘मधलीवाडी, मराठी शाळेच्या समोरची पाखाडी, खाली तिसरं घर’. नावात वडिलांचं नाव किंवा घराला वाडीत ज्या नावाने ओळखतात ते घाला. नुसतं आडनाव वाडीत उपयोगाचं नाही. फोन नंबर दोन हवेत, आणि त्यातला एक तरी वाडीत ज्या कंपनीची रेंज मिळते तिचा.

नकाशावरचा पिन लोक घराच्या कौलांवर टाकतात. गाडी कौलांवर जात नाही. पिन टाका तो गाडी जिथे थांबते तिथे, पाखाडीच्या डोक्यावर. तिथून खाली कसं यायचं ते शब्दांत. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, दहा अक्षरांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवणारा. घराचा काढून ठेवा आणि पत्त्यात लिहा, पण सगळेच कुरिअरवाले तो वाचतात असं धरून चालू नका.

आता माणूस ठरवणं. वाडीत दिवसभर उघडी असणारी जागा कोणती? बहुतेक ठिकाणी तिठ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराशी बोलून ठरवा की तुमच्या नावाचं पार्सल त्याने घ्यायचं. फुकटात करायला लावू नका, पार्सलमागे दहा रुपये ठरवले की तो मनापासून सांभाळतो. एक वही ठेवा, तिच्यात पाच रकाने: तारीख, ट्रॅकिंगचे शेवटचे चार आकडे, नाव, कोणी नेलं, सही. वही नसेल तर महिन्याभरात दुकानातच गोंधळ होतो, कारण गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अख्ख्या वाडीची पार्सलं तिथेच येऊन पडतात. दोन अटी घाला: रोख पैसे भरून काही घ्यायचं नाही, आणि फाटलेलं किंवा टेप दुसऱ्यांदा लावलेलं पार्सल घ्यायचं नाही. महाग वस्तूसाठी दुकान नको, ती घरच्या माणसाच्याच हातात. पोस्टाने येणार असेल तर अडचण कमी, कारण गावचा पोस्टमन घरं ओळखतो आणि घर बंद असलं तर टपाल काही दिवस पोस्टात थांबतं. पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला स्पीड पोस्टला ओटीपी डिलिव्हरी लावायला सांगा. पाच रुपये आणि जीएसटी एवढाच जादा खर्च आहे.

ओटीपीचं एक दुखणं इथे कायमचं आहे. ओटीपी जातो ठाण्यातल्या मुलाच्या नंबरवर, डिलिव्हरीचा मुलगा उभा दारात, आईच्या फोनला रेंज नाही. पाच मिनिटं थांबून तो ‘ग्राहक उपलब्ध नाही’ मारतो. तसं दोन-तीनदा झालं की पार्सल परत. त्याला दोष देण्याआधी लक्षात घ्या की त्याला पार्सलमागे पैसे मिळतात आणि पेट्रोल बहुतेकदा त्याच्याच खिशातून जातं. पाखाडी उतरून चढायला वेळ लागतो तो त्याचाच. यावर उपाय असा की डिलिव्हरीचा ओटीपी बऱ्याच ॲपमध्ये त्या दिवशी सकाळीच दिसतो. तो आईबाबांना सकाळच्या फोनवर सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. सोबत एवढंच सांगा की पार्सल हातात घेतल्यावर आकडा द्यायचा, आधी नाही. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, रेंज नसताना फोन येतो आणि बहुतेक नंबरांवर एसएमएसही येतात.

पेटीकडे वळू. कोकणात पेटीचे शत्रू तीन: पाऊस, खारी हवा आणि माकडं. चोर त्यांच्यानंतर.

आतून ४५ सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच एवढी पेटी घरगुती पार्सलांना पुरते. मिक्सरचा खोका बसतो. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर साध्या लोखंडी पत्र्याची पेटी घेऊ नका. दोन पावसाळ्यांत बिजागऱ्या गंजून धरतात आणि झाकण निम्मंच उघडतं. स्टेनलेसमध्ये ३०४ ग्रेडवरही खाऱ्या हवेने तपकिरी डाग चढतात, ३१६ टिकतं पण महाग. मधला मार्ग फायबरची पेटी, बिजागरी आणि कडी मात्र स्टेनलेसची. झाकण पुढे उतरतं हवं आणि पेटीच्या कडेबाहेर तीन सेंटीमीटर आलेलं, नाहीतर वाऱ्याने पाणी फटीतून आत ओढलं जातं. तळाला आठ मिलिमीटरची चार भोकं पाडा आणि आतून बारीक जाळी चिकटवा. पाणी आणि दमट हवा बाहेर जायला हवी, मुंग्या आणि विंचू आत यायला नकोत. तळाशी दोन लाकडी पट्ट्या टाका म्हणजे खोका ओल्या तळाला टेकणार नाही. पेटी जमिनीपासून निदान ४५ सेंटीमीटर वर घ्या. पावसात बिळात पाणी शिरलं की जनावर, म्हणजे साप, कोरडी जागा शोधतं, आणि जमिनीलगतची पेटी त्याला आयती मिळते. तिच्यात न बघता हात घालायची वेळ कोणावर येऊ नये.

बसवताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत. जांभा सच्छिद्र आणि मऊ. त्यात प्लॅस्टिकचा गुल्ला ठोकून स्क्रू आवळला तर गुल्ला जागच्या जागी फिरतो. आज घट्ट वाटतं, महिन्याने हाताने उपसून येतं. चिऱ्याच्या मधोमध, सांध्यापासून लांब, १५ सेंटीमीटर खोल भोक घ्या, ड्रिलचा हॅमर न लावता. धूळ फुंकून काढा, पाणी मारा, आणि १२ मिलिमीटरचा आट्यांचा स्टेनलेस रॉड एकास दोन सिमेंट-वाळूत बसवा. आठवडाभर त्यावर वजन टाकू नका, रोज पाणी द्या. असे चार रॉड लागतात. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पेटी बसवायची असेल तर बसवूच नका. तो कोरडा रचलेला असतो, चोर पेटी दगडासकट उचलतो. त्यापेक्षा बेड्याच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाच्या, आत कोबा करून त्यात पाय रोवा.

पेटीची जागा पाखाडीच्या वरच्या टोकाला, तुमच्या हद्दीत, रस्त्यावरून पेटी दिसेल पण आतलं दिसणार नाही अशी. खाली घराशी बसवली तर मूळ अडचण तशीच राहते. वर तुमची जागाच नसेल तर पेटीचा विचार सोडा आणि दुकानावर भर द्या.

कुलूप दाबून लागणारं घ्या. आपल्याकडची बरीच जुन्या पद्धतीची कुलपं चावीशिवाय लागत नाहीत, ती इथे निरुपयोगी. पितळी अंगाचं, स्टेनलेस कडीचं. सकाळी ते उघडं लटकवून ठेवायचं, डिलिव्हरीच्या मुलाने पार्सल आत ठेवून कुलूप दाबायचं, चावी घरात. यात एका वेळी एकच फेरी होते, दोन कंपन्यांची पार्सलं एकाच दिवशी असतील तर मधे कोणीतरी जाऊन पेटी रिकामी करायची. आकड्यांचं कुलूप सोयीचं वाटतं, पण खाऱ्या हवेत त्याची चाकं अडकतात, शिवाय आकडा पंधरा मुलांना माहीत होतो. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून चिकट होतं. ग्रॅफाइटची पूड घाला. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘पार्सल आत ठेवा, कुलूप दाबा, फोटो काढा.’ आणि ॲपच्या सूचनेच्या रकान्यात तेच.

खाण्याच्या वस्तू, सुका मेवा, बिस्किटं ओटीवर तासभरसुद्धा ठेवू नयेत. माकडं खोका फाडतात आणि खालचं पुठ्ठं बघून आपण चोर म्हणतो. मातीला टेकलेल्या पुठ्ठ्याला वाळवीही लागते. पावसाळ्यात ओटीच्या कडेचा खोका वाऱ्याच्या एका सरीत भिजतो, म्हणून जून ते सप्टेंबर नाजूक वस्तू शक्यतो मागवूच नयेत. घाटात दरड आली की माल हबलाच अडकतो, तेव्हा ट्रॅकिंग हललं नाही म्हणून घाबरू नका. लागणारी औषधं मात्र या काळात आठ-दहा दिवसांचा साठा ठेवूनच मागवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. वाशाला, दहा फुटांवर लावलेला कॅमेरा फक्त टोपी दाखवतो. तो पाच-साडेपाच फुटांवर, पेटीपासून दोन-तीन मीटरवर, पश्चिमेचं ऊन थेट भिंगात येणार नाही असा हवा. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवाला, आणि रेंज नसेल तर आत कार्डवर रेकॉर्ड करणारा. रात्री दिव्याभोवती किडे येतात आणि कोळी भिंगावर जाळं विणतो, आठवड्याला पुसावं लागतं. शेजाऱ्याचं खळं, म्हणजे अंगण, किंवा विहीर त्यात येता कामा नये.

पार्सल आलं पण आत साबणाची वडी निघाली, हा वेगळा प्रकार आहे. तो वाटेत होतो आणि पेटीने थांबत नाही. लेबलवर बऱ्याचदा वजन छापलेलं असतं. पार्सल उघडण्याआधी दुकानातल्या काट्यावर ठेवा, फरक मोठा असेल तर फोटो घ्या. मग सलग एकच व्हिडिओ: आधी सहाही बाजू, लेबल वाचता येईल असं, टेपचे सांधे, मग कापणं, मग आतली वस्तू. मध्ये तुटलेला व्हिडिओ कोणी मानत नाही. मोबाइलसारखी वस्तू असेल तर जिथे मिळते तिथे ओपन बॉक्स डिलिव्हरीच, म्हणजे दारात खोका उघडून दाखवणारी, निवडा, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही.

राहिले आईबाबा. त्यांच्या बाबतीत चोरीपेक्षा मोठा धोका न मागवलेल्या पार्सलाचा आहे. कोणी दारात येतो, ‘तुमच्या मुलाने मागवलंय, सहाशे नव्याण्णव द्या’ म्हणतो, आणि मुलाचं नाव ऐकून म्हातारी माणसं पैसे देतात. घरात एकच नियम ठेवा: मागवलेलं सगळं आधीच पैसे भरलेलं असतं, दारात पैसे द्यायचे नाहीत. कोणी मागितले तर आधी ठाण्यातल्या मुलाला फोन, फोन लागला नाही तर पार्सल परत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, खरा कुरिअरवाला पार्सल गुपचूप परत नेतो. ‘पत्ता अपुरा आहे, लिंक उघडून दुरुस्त करा’ असा मेसेज आला तर लिंक उघडू नये, ट्रॅकिंग नेहमी ॲपमधूनच बघावं. आणि कुरिअरमधून बोलतोय म्हणून कोणी *४०१* सारख्या चिन्हांनी सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर फोन ठेवावा, त्याने तुमचे फोन त्याच्याकडे वळू शकतात आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपी त्यालाच ऐकू येतात. चुकून डायल केलं असेल तर फोन वळवणं बंद करायला लगेच ##००२# लावा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.